एका युनिटाचा हिशेब : सातारा जिल्ह्यातील ऊर्जाप्रश्न आणि प्राथमिक शाळेचे कार्य

१. विषयाचे प्रयोजन

परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान या विषयांत ऊर्जेचा पाठ आपण दरवर्षी शिकवितो. सूर्य, वारा, पाणी, कोळसा ही ऊर्जासाधनांची नावे मुले तोंडपाठ म्हणतात. वीज वाचविण्याची घोषणा फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असते. परंतु शाळाभेटीच्या वेळी सातवीच्या एखाद्या मुलाला, "तुझ्या घरी काल किती युनिट वीज खर्च झाली?" असे विचारले, तर तो गोंधळून गुरुजींच्या तोंडाकडे पाहतो. यात मुलाचा दोष नाही. जे मोजावयास शिकविले नाही, ते वाचवावयास कसे येणार?

डब्यातील पीठ किती दिवस पुरेल हे घरातील आईला ठाऊक असते, कारण ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. वीज दिसत नाही. तारेतून ती केव्हा आली आणि केव्हा खर्च झाली, हे महिन्याच्या अखेरीस बिलावरून समजते, आणि तेव्हा त्या बिलाचा राग करण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून या लेखात ऊर्जेच्या प्रश्नाकडे एकाच मापाने पाहावयाचे योजिले आहे. ते माप म्हणजे एक युनिट. एक युनिट वीज कशी तयार होते, ती कोठून येते, तिच्यासाठी कोणाला काय द्यावे लागते आणि ती कशी वाचविता येते, हे शिक्षकाला नीट समजले, म्हणजे ते मुलांपर्यंत व मुलांकडून घरापर्यंत पोहोचविणे कठीण नाही. या सर्व विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे : आधी मोजणी, मग बचत, आणि त्यानंतर नवी निर्मिती. हा क्रम उलटा केला, की पैसाही वाया जातो आणि उत्साहही.

२. युनिट म्हणजे काय?

प्रत्येक विजेच्या उपकरणावर वॉटचा आकडा छापलेला असतो. तो आकडा म्हणजे ते उपकरण वीज खाण्याचा वेग होय. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. शास्त्रीय भाषेत यालाच एक किलोवॉट-तास म्हणतात. वॉट गुणिले तास भागिले एक हजार, एवढेच हे गणित आहे आणि पाचवी-सहावीच्या मुलाला ते सहज जमते.

काही उदाहरणे पाहू. जुना १०० वॉटचा काचेचा दिवा १० तास जळला, की एक युनिट संपते. ६० वॉटच्या दिव्याला त्यासाठी सुमारे १७ तास लागतात. ९ वॉटचा एलईडी दिवा मात्र एका युनिटात १११ तास प्रकाश देतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो, तो साडेतेरा तासांत एक युनिट घेतो. नव्या पद्धतीचा काटकसरी पंखा सुमारे ३० वॉटचा असतो, त्याला ३३ तास लागतात. कपड्यांची इस्त्री व पाणी तापविण्याची कांडी ही हजार वॉटची किंवा त्याहून अधिक असतात, म्हणजे त्यांचा एक युनिटाचा घास तासाभरातच होतो. यावरून मुलांच्या ध्यानात एक महत्त्वाची गोष्ट येईल : प्रकाशापेक्षा उष्णता निर्माण करणारी उपकरणे कितीतरी अधिक वीज घेतात.

३. आपली वीज येते कोठून?

सातारा जिल्ह्याला विजेचे माहेर म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी कोकणात सोडून वीज निर्माण करण्याची कल्पना महाराष्ट्रात प्रथम टाटांनी १९१५ मध्ये खोपोली येथे प्रत्यक्षात आणली. त्याच तत्त्वावर, परंतु पुष्कळ मोठ्या प्रमाणावर, स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्प उभा राहिला. १९६२ मध्ये त्याची पहिली जनित्रे फिरू लागली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढ होऊन आज या प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. शिवाजीसागर जलाशयात १०५ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठते.

कोयना नदी स्वभावतः पूर्वेकडे वाहते आणि कऱ्हाड येथे कृष्णेला मिळते. वीज निर्माण करण्यासाठी मात्र तिचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळविले आहे. तेथे ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडते आणि भूमिगत वीजगृहातील चक्रे फिरविते. आता आपण आपल्या मापाने हिशेब करू. एक हजार लिटर, म्हणजे एक घनमीटर पाणी इतक्या उंचीवरून खाली आले, की सर्व घट वजा जाता त्यापासून सुमारे एक युनिट वीज मिळते. एक युनिटाला एक हजार लिटर पाणी, हे प्रमाण प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावे. तेच पाणी पुढे कोळकेवाडी येथे तिसऱ्या टप्प्यात पुन्हा एकदा उपयोगात आणले जाते, आणि मग ते वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते.

परंतु आपल्या घरातील दिवा केवळ कोयनेच्या पाण्यावर जळतो, असे मात्र मुलांना सांगू नये. राज्यातील सर्व वीजकेंद्रे एकाच जाळ्याला जोडलेली आहेत, आणि त्यातील मोठा वाटा अद्याप कोळशाच्या विजेचा आहे. चंद्रपूर येथील महाऔष्णिक केंद्राची क्षमताच २,९२० मेगावॉट आहे. कोळशापासून एक युनिट वीज मिळविण्यासाठी सुमारे ६०० ते ७५० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण शेकडा ३० ते ४० असल्यामुळे एका युनिटामागे मूठभर राखही शिल्लक राहते, आणि जो धूर आकाशात जातो तो निराळाच. तेव्हा घरातील एक युनिट म्हणजे कोठेतरी हजार लिटर पाणी किंवा पाऊण किलोपर्यंत कोळसा, अशी जोडी मुलांच्या मनात पक्की बसवावी.

या जमाखर्चात आणखी एक नोंद आहे, आणि ती आकड्यांत मांडता येत नाही. कोयनेचे पाणी जेथे साठले तेथे पूर्वी गावे होती, भाताची खाचरे होती, देवळे होती. ती माणसे उठून दूरवर गेली आणि त्यांतील अनेकांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके झगडावे लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचे घावही याच खोऱ्याने सोसले. आपल्या शाळांतून या कुटुंबांची नातवंडे, पणतवंडे आज शिकत आहेत. वीज वाया घालविणे म्हणजे केवळ पैसे वाया घालविणे नव्हे, हे त्यांच्यासमोर बोलताना आपल्या ध्यानात असावे.

४. अडचणी कोणत्या?

पहिली अडचण पाण्याची. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली आहे. हे पाणी सुमारे १९१ कोटी घनमीटर होते. आपल्या प्रमाणानुसार त्यापासून मुख्य टप्प्यांवर दोनशे कोटींच्या आसपास युनिटे मिळतात. पश्चिमेकडे गेलेले पाणी परत येत नाही. अवर्षणाच्या वर्षी हेच पाणी विजेसाठी पश्चिमेकडे सोडावे, की पिण्यासाठी व शेतीसाठी पूर्वेकडे राखावे, असा कठीण प्रश्न उभा राहतो. पाटण व महाबळेश्वर येथे धो धो पाऊस आणि माण-खटाव येथे टँकर, अशा आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाची धग अधिकच जाणवते.

दुसरी अडचण पाणी वर चढविण्याची. पाणी खाली पडताना वीज देते, तसेच वर चढताना ती परत मागते. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढविण्यास, पंपातील घट धरून, सुमारे अर्धे युनिट लागते. उपसा सिंचनाच्या योजना, खोल विहिरी व विंधनविहिरी या सर्वांचा विजेचा खर्च याच हिशेबाने वाढत जातो. म्हणून ज्या गावात पाणी अडविले व जिरविले जाते, तेथे विहिरीची पातळी वर येते आणि पंपाचे काम हलके होते. कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने २०१६ मध्ये जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. त्या श्रमदानातून पाणी तर साठलेच, पण जलसंधारण हे वीजसंधारणही असते. ठिबक सिंचनाचेही तसेच आहे. कमी पाणी उपसावे लागले, की वीजही कमी लागते.

तिसरी अडचण वेळेची. वीज फार मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजून महाग पडते, म्हणून ज्या क्षणी ती हवी त्या क्षणीच ती निर्माण करावी लागते. दिवेलागणीच्या वेळी घराघरांतून एकदमच मागणी वाढते. त्या वेळी जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येते. कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही. कोयनेचे खरे मोल या संध्याकाळच्या तासांत आहे. उलट शेतीच्या पंपांना अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रात्रीची वीज मिळत आली. शेतकरी काळोखात, थंडीवाऱ्यात, विंचूकाट्याचे व बिबट्याचे भय पत्करून पाणी देण्यास जातो. सकाळी वर्गात पेंगणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी, तो रात्री बापाबरोबर बारी धरण्यास गेला होता काय, एवढे विचारावे.

चौथी अडचण चुलीची. ऊर्जेचा विचार करताना आपण वीज तेवढी धरतो, परंतु खेड्यातील घरात पुष्कळशी ऊर्जा स्वयंपाकासाठी लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरी गॅसची जोडणी आली. तरीही टाकी पुन्हा भरून घेणे परवडत नाही म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, असा संसार अनेक घरी चालतो. चुलीचा धूर प्रथम आईच्या व तिच्याजवळ बसलेल्या लहान मुलांच्या छातीत जातो.

पाचवी अडचण आपल्या स्वतःच्या शाळेची. वीजबिल थकले, पुरवठा तोडला गेला आणि संगणक कपाटात बंद राहिला, ही हकिगत आपणांपैकी अनेकांच्या परिचयाची आहे. शिक्षकाने पदरमोड करून बिल भरल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. त्यांचे कौतुक वाटते, परंतु हा कायमचा उपाय नव्हे. त्या उपायाचा हिशेब पुढे दिला आहे.

५. बचतीचा मार्ग

बचतीचा उपदेश करण्यापूर्वी एक पथ्य पाळावे. ज्या घरी एकच दिवा आहे आणि त्याच दिव्याखाली स्वयंपाक व अभ्यास दोन्ही चालतात, त्या घरच्या मुलाला दिवा मालविण्यास सांगू नये. त्याला अधिक प्रकाशाची गरज आहे, कमी नव्हे. बचत म्हणजे गरज मारणे असा अर्थ मुलांच्या मनात रुजू देऊ नये. तोच प्रकाश, तोच वारा आणि तेच अन्न कमी इंधनात मिळविणे, हा बचतीचा खरा अर्थ होय.

आता एक उदाहरण घेऊ. एखाद्या गावात शंभर घरी गोठ्यात किंवा पडवीत ६० वॉटचा जुना दिवा रात्रभर, म्हणजे सुमारे १० तास जळतो असे समजू. रोजचा खर्च ६० युनिट झाला. त्या जागी ९ वॉटचे दिवे लावले तर खर्च ९ युनिट होईल. बचत ५१ युनिट. कोयनेच्या मापाने हे ५१ हजार लिटर पाणी झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, आणि तेही दररोज! प्रकाश मात्र कोणाचाही कमी झाला नाही. टँकरची वाट पाहिलेल्या मुलांना हा हिशेब निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

उपकरण विकत घेताना त्यावरील ताऱ्यांचे चिन्ह पाहावे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये झाला आणि त्यास अनुसरून २००६ पासून उपकरणांवर ही तारांकित पट्टी येऊ लागली. तारे अधिक तितकी वीज कमी. पंखा किंवा शीतकपाट काही रुपये महाग पडले, तरी ते रुपये बिलातून परत येतात. कृषिपंपाला योग्य क्षमतेचा संधारित्र बसविणे, गळके व वाकडेतिकडे नळ बदलणे, पाणी भरल्यावर मोटार वेळेवर बंद करणे, ही बचतही लहान नाही.

स्वयंपाकघरातील बचत मुलींनी व मुलांनी सारखीच शिकावी. डाळ व कडधान्ये आधी भिजत घालावीत, पातेल्यावर झाकण ठेवावे, शक्य तेथे प्रेशर कुकर वापरावा, उकळी आल्यावर आच मंद करावी. पाणी उकळू लागल्यावर जाळ कितीही वाढविला तरी पाण्याचे तापमान वाढत नाही, केवळ वाफ अधिक होते. हा विज्ञानातील नियम आहे आणि त्याची प्रयोगशाळा प्रत्येक घरात आहे.

६. अक्षय शक्ती : सूर्य, वारा आणि शेण

कोळसा जाळला की संपतो. सूर्य, वारा व पाणी ही साधने पुन्हा पुन्हा मिळतात, म्हणून त्यांना अक्षय म्हणतात. आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे, की येथे ही साधने एकमेकांना पूरक आहेत. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आकाश बहुधा निरभ्र असते, तेव्हा सूर्य भरपूर देतो. पावसाळ्यात सूर्य झाकला जातो, पण नेमके त्याच वेळी, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, पठारांवर वारा जोराने वाहतो. वनकुसवडे व चाळकेवाडी येथील पठारांवर १९९० नंतरच्या दशकात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच कारणाने. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते, म्हणून पवनचक्कीला खोरे चालत नाही, माथा लागतो. सूर्य व वारा आपल्या मर्जीने येतात आणि जातात. त्यांनी दिवसा भार उचलला, तर कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी राखून ठेवता येते. तीन भावांनी मिळून एक शेत राखावे, तसा हा प्रकार आहे.

सूर्यशक्तीचे मापही लक्षात ठेवण्यास सोपे आहे. एक किलोवॉट क्षमतेच्या सौर पॅनेलला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यापासून सरासरी चार युनिट वीज मिळते. पावसाळ्यात हे प्रमाण बरेच घटते. घरगुती सौर पॅनेलसाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू केली. तीत एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये असे अनुदान ठरविण्यात आले. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. एवढ्या लहान गावाने हे करून दाखविले, त्यामागे पैशाइतकीच गावाची एकजूट आहे. शेतीसाठी दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. वर सांगितलेल्या रात्रीच्या पाण्याच्या प्रश्नावर तिचा रोख आहे.

जनावरे असलेल्या घराला तिसरा मार्ग मोकळा आहे, तो गोबर गॅसचा. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला चार-पाच मोठी जनावरे लागतात आणि त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. गॅस निघून गेल्यावर उरणारी मळी उत्तम खत असते, म्हणजे शेणाची एकही पाटी वाया जात नाही. गोवऱ्या थापून जाळल्या तर मात्र ते खत राख होते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने इथेनॉलवर चालणारे कंदील व शेगड्या यांवर संशोधन केले आहे. ग्रामीण प्रश्नाचे उत्तर ग्रामीण भागात बसूनही शोधता येते, याचे हे आपल्या जिल्ह्यातील उदाहरण मुलांना अवश्य सांगावे.

या साधनांच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगाव्यात. सौर पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते. झाडाची सावली थोड्या भागावर पडली तरी नुकसान होते. विद्युतघट काही वर्षांनी बदलावा लागतो. रस्त्यावरील सौर दिवे अनेक गावांत बंद पडलेले दिसतात, याचे कारण बहुधा सूर्य नसून देखभालीची तरतूद नसणे हे असते. उद्घाटन एक दिवसाचे असते, देखभाल रोजची असते.

७. शाळेचा हिशेब

चार खोल्यांची एक शाळा घ्या. आठ जुने पंखे ७५ वॉटचे, रोज पाच तास चालतात : ३ युनिट. आठ जुन्या नळ्या ४० वॉटच्या, रोज दोन तास : ०.६४ युनिट. संगणक व दूरचित्रवाणी संच मिळून १५० वॉट, दोन तास : ०.३० युनिट. एकूण रोज सुमारे ३.९४ युनिट. एवढी वीज उन्हापासून मिळविण्यास एक किलोवॉटचा सौर संच लागेल.

आता आधी बचत करू. पंखे ३० वॉटचे केले : १.२० युनिट. नळ्या २० वॉटच्या एलईडी केल्या : ०.३२ युनिट. संगणकाचे तेवढेच : ०.३० युनिट. एकूण १.८२ युनिट. निम्म्याहूनही कमी! आता अर्ध्या किलोवॉटचा संचही स्वच्छ उन्हाच्या दिवसांत पुरेल. म्हणजे बचतीने केवळ बिल कमी झाले नाही, तर सौर संचाचा आकार व किंमतही निम्म्यावर आली. याच कारणासाठी प्रारंभी सांगितले, की बचत आधी आणि निर्मिती नंतर.

शाळेला सुटीचे दिवसही पुष्कळ असतात. सौर संच वीजवाहिनीला जोडून दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवणारा मीटर बसविला, तर रविवारी व मे महिन्यात तयार होणारी वीज बाहेर जाते आणि तिची वजावट पुढे बिलात मिळते. ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांच्यापुढे मागणी ठेवताना नुसते 'सौर संच द्यावा' असे न लिहिता वरीलप्रमाणे आपल्या शाळेचा तक्ता जोडावा. आकड्यांनिशी केलेल्या मागणीला उत्तर देणे टाळता येत नाही.

८. वर्गात करावयाची कामे

पहिली व दुसरी : ऊन व सावली यांत ओले फडके वाळण्यास लागणारा वेळ पाहणे. कागदाचे भिरभिरे करून वाऱ्याची शक्ती अनुभवणे.

तिसरी व चौथी : घरात कोणकोणते इंधन कशासाठी वापरले जाते याची यादी करणे. दोन सारखे डबे घेऊन एकास काजळी व दुसऱ्यास चुना लावावा, दोहोंत सारखे पाणी भरून दोन तास उन्हात ठेवावे व कोणते पाणी अधिक तापले ते पाहावे. सौर बंबाचे तत्त्व यातून आपोआप समजते.

पाचवी : आज व उद्या ठरावीक वेळी शाळेच्या मीटरचे वाचन करून वजाबाकी करणे. बिल हातात घेऊन त्यावरील मागील व चालू वाचन शोधणे.

सहावी व सातवी : मीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकतो. एका युनिटात तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो, उदाहरणार्थ ३,२००. अशा मीटरवर इतर सर्व उपकरणे बंद ठेवून ७५ वॉटचा एकच पंखा लावला, तर दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकेल. मुलांनी घड्याळ लावून तो मोजावा, मग गणिताने ताळा पाहावा. न दिसणारी वीज डोळ्यांना दिसावी यासाठी याहून सोपा प्रयोग मला ठाऊक नाही, आणि त्यास एका पैशाचाही खर्च नाही. याच वर्गांनी गावातील वीस घरांतील दिव्यांचे प्रकार व संख्या यांची पाहणी करून तक्ता तयार करावा.

२० ऑगस्ट हा अक्षय ऊर्जा दिन आणि १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी केवळ प्रभातफेरी न काढता हा तक्ता ग्रामसभेपुढे किंवा पालकसभेत मुलांकडूनच वाचून घ्यावा.

९. दक्षता

मीटरचे वाचन दुरूनच करावे, कोणत्याही तारेस वा पेटीस मुलांनी हात लावू नये. ओल्या हाताने बटण दाबू नये. पडलेल्या तारेजवळ जाऊ नये, ताबडतोब मोठ्या माणसास सांगावे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. पाहणीच्या वेळी कोणाच्या घरी किती कमी उपकरणे आहेत, याची चर्चा वर्गात होऊ देऊ नये. तक्त्यात घरांची नावे न लिहिता क्रमांक घालावेत.

१०. समारोप

ऊर्जेचा प्रश्न मोठमोठ्या धरणांनी व यंत्रांनी सुटेल, आपण त्यात काय करणार, असे पुष्कळांना वाटते. धरणे व यंत्रे हवीतच. परंतु त्यांनी निर्माण केलेले युनिट शेवटी घरातील बटणापाशीच येऊन पोहोचते, आणि त्या बटणावर बहुधा आपल्याच विद्यार्थ्याचा हात असतो. त्या हाताला हिशेब शिकविण्याचे काम शाळेचे आहे. या सत्रात प्रत्येक शाळेने निदान मीटरवाचनाचा एक पाठ व शाळेच्या वीजखर्चाचा एक तक्ता एवढे तरी पूर्ण करावे आणि केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत तो मांडावा, अशी विनंती आहे. इतर शाळांचे तक्ते शेजारी ठेवून पाहिले, की कोठे काय करता येईल हे आपणा सर्वांस अधिक स्पष्ट दिसेल.